पुण्याची लस आणि आपलं दार

पावसाळा लागला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास येतात. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तपासायला महापालिकेचा माणूस, आणि मोबाइलवर मलेरियाच्या लशीचा वाद. वाद आता तोंडपाठ झालाय. एक बाजू म्हणते, मलेरियाची लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, खोकीच्या खोकी आफ्रिकेला जातात, आणि गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीची पोरं मात्र तापाने फणफणतात. हा कुठला न्याय? दुसरी बाजू म्हणते, लशीचं कौतुक पुरे, आधी तुंबलेली गटारं आणि बांधकामावरची डबकी बघा. मधेच तिसरा कुणीतरी घुसतो आणि सांगतो की आपल्या लोकांच्या रक्तातच प्रतिकारशक्ती आहे, हे सगळं औषध कंपन्यांचं चाललंय. तिघेही तावातावाने बोलतात आणि तिघांनाही एक साधा प्रश्न सुचत नाही: मलेरिया कोणता?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पुण्यात बनणारी लस आपल्याकडे सरसकट द्या ही मागणी चुकीची आहे, आणि लशीची गरजच नाही हे म्हणणं त्याहून चुकीचं. मलेरिया करणारे आपल्याकडचे मुख्य परजीवी दोन, फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स. पुण्याची लस फाल्सिपेरमवरची, आपण मागायला हवी ती व्हायव्हॅक्सची लस. ती आज जगात कुणाकडेच नाही. का नाही, याचं उत्तर राजकारणात थोडं आणि तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर बरंच सापडतं. ते उत्तर समजून न घेता वाद घालणं म्हणजे कुलूप कुठलं हे न बघता किल्ल्यांच्या जुडग्यावरून भांडणं.

मी पंचवीसेक वर्षं कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवली. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मलेरियाच्या दोन स्लाइड शेजारी शेजारी ठेवून दाखवायचो. तेलाचा थेंब, शंभरची लेन्स, मग फाइन अ‍ॅडजस्टमेंट हळूहळू फिरवायची. फाल्सिपेरमच्या स्लाइडमध्ये तांबडी पेशी आपल्या मूळ आकारात असते आणि आत नाजूक अंगठीसारखा परजीवी. कधी एकाच पेशीत दोन-दोन, तीन-तीन. व्हायव्हॅक्सच्या स्लाइडमध्ये परजीवी असलेली पेशी शेजारणींपेक्षा फुगलेली दिसते आणि तिच्यावर गुलाबी ठिपक्यांची नक्षी असते. ती शोधावी मात्र लागते. मुलं कंटाळायची. "सर, या स्लाइडमध्ये काहीच नाही," हे वाक्य मी दरवर्षी ऐकलं. काहीच नाही असं वाटण्याइतकं थोडं असणं, हाच व्हायव्हॅक्सचा डाव आहे.

परजीवी पेशीत शिरतो तो क्षण या स्लाइडमध्ये दिसत नाही, पण जिवंत पेशींच्या चित्रफितींमध्ये बघायला मिळतो. एक-दीड मायक्रॉनचा मेरोझोइट, म्हणजे परजीवीचं पेशीत घुसणारं रूप, तांबड्या पेशीला कुठूनही येऊन टेकतो, पेशी थरथरते, आक्रसते, मग तो सरकत सरकत फिरतो आणि आपलं निमुळतं टोक बरोबर पेशीकडे करतो. इथे खरा सौदा होतो. त्याच्या टोकावरची प्रथिनं पेशीवरच्या ठरावीक रेणूंना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन बसतात. बसली की पुढचं सगळं काही सेकंदांत उरकतं. गंमत अशी की शेवटची कडी परजीवी स्वतःच घेऊन येतो: एक प्रथिन तो पेशीच्या पडद्यात घुसवतो आणि दुसऱ्याने ते घट्ट धरून स्वतःला आत ओढून घेतो. म्हणजे दाराला कडी नसेल तर चोर ती सोबत आणतो. पण दारापाशी ओळख पटावी लागते, ती घरमालकाच्या रिसेप्टरनेच. तिथे परजीवीची प्रत्येक जात वेगळी आहे. फाल्सिपेरमकडे किल्ल्यांचा जुडगा आहे, ग्लायकोफोरिन ए, बी, सी, कॉम्प्लिमेंट रिसेप्टर 1 अशा वेगवेगळ्या कुलपांसाठी, एक लागली नाही तर दुसरी. त्यातली एकच अशी की जिला पर्याय दिसत नाही. बसिगिन नावाच्या रिसेप्टरला बसणारं आरएच5 हे परजीवीचं प्रथिन. हे 2011 मध्ये कळलं. व्हायव्हॅक्स मात्र खानदानी हट्टी. त्याला लागतो डफी नावाचा रिसेप्टर, आणि पेशीही हवी ती कोवळी, नुकतीच अस्थिमज्जेतून बाहेर पडलेली रेटिक्युलोसाइट. अशा पेशी रक्तात शंभरात एखादी.

आता पुण्याची लस यात कुठे बसते? ती या दारावर बसतच नाही. आर21 नावाची ही लस त्याआधीच्या पायरीवर काम करते. डास चावला की स्पोरोझोइट, म्हणजे डासाने सोडलेली परजीवीची रूपं, रक्तातून यकृताकडे धावतात. त्यांच्या अंगावरच्या एका प्रथिनाच्या मदतीने ते यकृताच्या पेशींना चिकटतात. त्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करणं हे या लशीचं काम. कल्पना उत्तम. बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानियात 5 ते 36 महिन्यांच्या मुलांवर चाचण्या झाल्या, पहिल्या वर्षात जिथे मलेरिया हंगामी आहे तिथे 75 टक्के आणि जिथे वर्षभर आहे तिथे 68 टक्के परिणाम दिसला. ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पण ते प्रथिन फाल्सिपेरमचं आहे. व्हायव्हॅक्सकडेही त्या कामाचं प्रथिन आहे, पण ज्या भागावर अँटिबॉडी बसायच्या तो भाग वेगळा. मुंबईत पावसाळ्यात तापाने आडवे होणाऱ्यांत व्हायव्हॅक्सवाले जास्त असतात. त्यांना ही लस टोचली तर सुई तेवढी टोचेल.

गडचिरोलीचं काय, असं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. तिथे फाल्सिपेरम आहे, माणसं मरतात, आणि मरतात ती बहुधा माडिया-गोंड पाड्यांवरची, जिथे पावसाळ्यात नाला ओलांडून दवाखाना गाठायचा म्हणजे खाटेची कावड करावी लागते. फाल्सिपेरम मारतो, व्हायव्हॅक्स बहुधा मारत नाही. म्हणून आधी फाल्सिपेरम, हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. 2023 मध्ये जगात मलेरियाने सुमारे 5 लाख 97 हजार माणसं गेली, त्यातली 95 टक्के आफ्रिकेत, आणि तिथे मरणाऱ्यांत चारातली तीन पाच वर्षांखालची मुलं. लशीचा पहिला घास त्यांचाच. उद्या तज्ज्ञांनी गडचिरोलीच्या काही तालुक्यांत, ओडिशा-छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात ही लस वापरून बघावी असं ठरवलं तर मी विरोध करणार नाही. पण आफ्रिकेत जिथे लहान मुलांना वर्षात दोन-तीनदा मलेरिया होतो तिथल्यासाठी बेतलेलं हे हत्यार आहे. आपल्या जंगलपट्ट्यात ताप येतो तो तेंदूपत्त्याला गेलेल्या बापालाही, शेतावर झोपणाऱ्या आजोबालाही. चार मात्रांची, बाळांसाठीची लस त्या घरातल्या निम्म्याहून जास्त माणसांपर्यंत पोचतच नाही. "पुण्यात बनते म्हणून आपली" हे मालकीचं गणित झालं, रोगाचं नव्हे.

तर मग व्हायव्हॅक्सची लस कुणी का केली नाही? इथे इतिहासात जावं लागतं, आणि तो इतिहास फार सुंदर नाही. 1917 मध्ये व्हिएन्नात वाग्नर-याउरेग यांनी मेंदूपर्यंत गेलेल्या सिफिलिसवर उपाय म्हणून रुग्णांना मुद्दाम मलेरिया द्यायला सुरुवात केली. कडक तापाने सिफिलिसचे जंतू मरतात अशी कल्पना. 1927 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा उपचार अमेरिकेत गेला तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की कृष्णवर्णीय रुग्णांना व्हायव्हॅक्स दिला तरी बहुतेकांना ताप येतच नाही. याला नाव मिळालं वांशिक प्रतिकारशक्ती. पुढची कित्येक दशकं तेच नाव चाललं, जणू वंश हेच कारण. 1950 मध्ये डफी आडनावाच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तात, वारंवार रक्त दिल्यामुळे तयार झालेली एक अँटिबॉडी सापडली, आणि तिच्यावरून डफी हा रक्तगट ठरला. 1975-76 मध्ये लुई मिलर आणि सहकाऱ्यांनी दोन टोकं जोडली: व्हायव्हॅक्सचे डास चावून घेतलेल्या स्वयंसेवकांत ज्यांच्या तांबड्या पेशींवर डफी नव्हता तेच वाचले. त्वचेचा रंग कुठलाही असो, पेशीवर डफी असला की ताप आलाच. 1995 मध्ये कळलं की तांबड्या पेशी घडताना हा रिसेप्टर बनवण्याचं बटण डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलाने बंद पडतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत जवळपास सगळ्यांचंच ते बंद आहे.

रक्तातल्या प्रतिकारशक्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी. आफ्रिकेच्या त्या भागातल्या माणसांना व्हायव्हॅक्सपासून संरक्षण मिळालं ते कुलूपच काढून टाकल्यामुळे, आणि ते मिळायला हजारो वर्षं आणि मोजता न येणारी मरणं लागली. फाल्सिपेरमविरुद्ध निसर्गाने केलेल्या अशाच तडजोडीची किंमत विदर्भात आणि नंदुरबारमध्ये आजही सिकलसेलच्या रूपात घराघरांत मोजली जाते. आणि भारतीयांचं म्हणाल तर आपल्या बहुसंख्य लोकांच्या पेशींवर डफी शाबूत आहे. व्हायव्हॅक्ससाठी आपलं दार सताड उघडं आहे, आणि त्यात छाती फुगवण्यासारखं काही मला दिसत नाही.

या एका अक्षराने पुढे जगाच्या पैशाची वाटणीही करून टाकली, असं मी म्हणतो. मलेरियाच्या मृत्यूंचा भार आफ्रिकेवर, आफ्रिकेच्या मोठ्या भागात डफी नाही, म्हणून तिथे व्हायव्हॅक्स कमी. म्हणून मलेरियाचा निधी, मलेरियाच्या लशी, मलेरियाच्या जाहिरातीतलं बाळ, सगळं फाल्सिपेरमचं. त्यात दुसरी अडचण प्रयोगशाळेची. फाल्सिपेरम 1976 पासून काचेच्या भांड्यात अखंड वाढवता येतो. त्याला कुठलीही तांबडी पेशी चालते. व्हायव्हॅक्सला रेटिक्युलोसाइटच हव्यात, त्या रक्तात थोड्या आणि बाहेर काढल्या की बघता बघता प्रौढ होतात. आज पन्नास वर्षांनंतरही त्याला प्रयोगशाळेत सलग पोसता येत नाही. म्हणजे ज्या खोडीमुळे स्लाइडवर तो सापडत नाही, त्याच खोडीमुळे त्याच्यावर संशोधन करणंही जड जातं. वर जुन्या पुस्तकांनी त्याचं नाव ठेवलं सौम्य तिजारी. एकाआड एक दिवस दात वाजवणाऱ्या थंडीने ज्याचं हाड न् हाड खिळखिळं झालंय त्याला हे "सौम्य" ऐकवून बघा.

मी स्वतः ऐकलंय. चाळिशीत मला व्हायव्हॅक्स झाला. यकृतात दडून बसणाऱ्या परजीवींसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यायचं असतं, हे मीच मुलांना शिकवायचो, आणि आठव्या दिवशी पोट बिघडलं म्हणून मीच गोळ्या सोडल्या. तीन महिन्यांनी, ऐन दिवाळीत, डास न चावताच परत तोच ताप. शिकवणाऱ्याचं हे, तर नाक्यावर रोजंदारीला उभ्या राहणाऱ्या माणसाकडून चौदा दिवसांची अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो?

आता गटारवाल्यांचा मुद्दा. तो सर्वांत भक्कम आहे आणि मी तो टाळणार नाही. श्रीलंकेने लस न वापरता मलेरिया संपवला. 2016 मध्ये तसं प्रमाणपत्र मिळालं. चीनने 2021 मध्ये. दोन्हीकडे व्हायव्हॅक्स होता. मग आपल्याला लस कशाला? पण याच श्रीलंकेत 1963 साली सबंध देशात फक्त 17 रुग्ण उरले होते. फवारणी सैल झाली, आणि 1969 साली आकडा पाच लाखांच्या वर गेला. आपली कथा वेगळी नाही. 1958 च्या राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमाने साठच्या दशकाच्या मध्यावर देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आणले होते, मलेरिया संपलाच असं जाहीर बोललं जात होतं. 1976 मध्ये नोंद झाली 64 लाखांची. डीडीटीला न जुमानणारे डास, पैशाची ओढाताण, कंटाळलेली यंत्रणा, कारणं पुष्कळ. व्हायव्हॅक्सच्या बाबतीत आणखी एक: डास सगळे मारले तरी परजीवी माणसांच्या यकृतात शिल्लक असतो. गटार साफ केल्याने यकृत साफ होत नाही.

गटाराबद्दलच बोलायचं तर मुंबईचाच दाखला घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या मलेरियाचा दोष सखल, दलदलीच्या जमिनींवर ढकलला जायचा. डॉ. बेंटली यांनी पाहणी केली आणि 1911 च्या अहवालात दाखवलं की या शहरातला मुख्य गुन्हेगार डास स्टिफेन्सी आहे आणि तो दलदलीत नव्हे, घरोघरच्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत स्वच्छ पाण्यावर वाढतो. विहिरी बुजवायच्या, झाकायच्या म्हटल्यावर धर्मभावना दुखावल्याची ओरड झाली, वाद रंगले, तरी बऱ्याच विहिरींवर झाकणं आली. आजही गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघायला येणारा माणूस त्याच अहवालाचा वारस आहे, त्याला ते ठाऊक असो वा नसो. बेंटलींनी नेमकं काय केलं? "डास" न म्हणता "कोणता डास" असं विचारलं. आपण तोच प्रश्न परजीवीबद्दल विचारायला का कचरतो? मुंबईतल्या मलेरियावर बोलताना "गटारं साफ करा" म्हणणारे तर अजून 1911 च्या अलीकडेच यायचे आहेत. स्टिफेन्सीला गटाराचं पाणी आवडत नाही.

राहिला जाणकारांचा आक्षेप, आणि माझ्या बाजूला खरा धक्का तोच देतो. 2010 मध्ये मादागास्करमधून बातमी आली की डफी नसलेल्या माणसांनाही व्हायव्हॅक्स झालाय. पुढे इथिओपियासारख्या देशांतूनही तसंच. म्हणजे व्हायव्हॅक्सलाही दुसरी किल्ली सापडतेय. डफीला बसणाऱ्या प्रथिनाची रूपंही जागोजागी बदलतात. मग एका दारावर लस बेतून काय उपयोग? मला वाटतं, इथे "सगळं किंवा काहीच नाही" ही आपली सवय आड येते. डफी नसलेल्यांत व्हायव्हॅक्स शिरतो, पण मोठ्या कष्टाने. त्यांच्या रक्तात परजीवी सहसा फारच थोडे सापडतात. आणि आपल्याकडे प्रश्न डफी नसलेल्यांचा नाहीच, जवळपास सगळे डफीवाले आहेत. जिथे नव्याण्णव चोर पुढच्या दाराने येतात तिथे मागची खिडकी उघडी आहे म्हणून पुढच्या दाराला अडसर लावायचा नाही? शिवाय लस दार बंद करतच नाही. ती किल्लीवर हात ठेवते. डफी आपल्या पेशीवर होता तिथेच, आपलं काम करत राहतो.

असा हात ठेवता येतो याची पहिली खूणही मिळाली आहे. डफीला बसणाऱ्या प्रथिनाचा नेमका भाग 1994 मध्ये चेतन चिटणीस आणि लुई मिलर यांनी शोधला. पुढे चिटणीस दिल्लीच्या आयसीजीईबी या संस्थेत आले आणि त्या भागापासून लस बनवण्याच्या कामात वर्षानुवर्षं राहिले. स्वयंसेवकांना परजीवी टोचून तिची परीक्षा झाली ऑक्सफर्डमध्ये. कोविडमुळे ती मधेच थांबली, मात्रांमधलं अंतर आपोआप लांबलं, आणि नेमक्या त्या लांबलेल्या वेळापत्रकातल्या स्वयंसेवकांत परजीवींच्या वाढीचा वेग निम्म्यावर आला. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मलेरिया कुणालाच टळला नाही, हेही खरं. निम्मा वेग म्हणजे लस नव्हे. पण फाल्सिपेरमच्या लशीही तीन-चार दशकं अशाच अर्ध्यामुर्ध्या आकड्यांवरून रांगत इथवर आल्या. त्यांच्या मागे कुणीतरी पैसे घेऊन उभं होतं, एवढाच फरक.

व्हायव्हॅक्सच्या मागे कोण उभं राहणार? दक्षिण-पूर्व आशियातल्या मलेरियाच्या जवळपास निम्म्या केसेस व्हायव्हॅक्सच्या आहेत आणि त्या भागात सर्वांत जास्त रुग्णांचा देश आपण. जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेला किंवा सिएटलच्या गेट्स फाउंडेशनला हे आपल्याइतकं जवळचं वाटण्याचं कारण नाही. आणि आपण काय केलं? 2025 मध्ये आयसीएमआरने अ‍ॅडफाल्सिव्हॅक्स ही देशी लस कंपन्यांपुढे ठेवली. चांगलं काम आहे, मला त्याचा आनंदच आहे. पण नावातच बघा, तीही फाल्सिपेरमची. 2030 पर्यंत मलेरिया संपवण्याचं आपलं ठरलंय. फाल्सिपेरम जसजसा मागे हटेल तसतसा व्हायव्हॅक्सचा वाटा वाढत जाणार, जिथे जिथे मलेरिया संपत आला तिथे तो शेवटपर्यंत चिवटपणे टिकलाय.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात कुणी "पुण्याची लस आपल्याला का नाही" असं विचारलं तर त्याला पुण्याच्याच पत्त्यावर दुसरी मागणी पाठवायला सांगा. लस कोट्यवधी मात्रांत, आफ्रिकेला परवडेल अशा दरात बनवता येते हे त्या शहराने सिद्ध केलंय. डफीच्या किल्लीवरच्या लशीचं काम दिल्लीत वर्षानुवर्षं झालंय. रुग्ण मुंबईच्या वॉर्डांत ऑगस्टभर पडून असतात. एवढं सगळं घरात असताना परजीवी टोचून त्या लशीची परीक्षा झाली ती इंग्लंडात, आणि तिच्यासाठी वापरलेला व्हायव्हॅक्स आला होता थायलंडच्या एका रुग्णाच्या रक्तातून.